मसाल्याला आधी तूप दाखवा: घरच्या घरी फळांचे मफिन

माझे बाबा इंदूरच्या सियागंजात मसाल्याच्या एका पेढीवर मुनीम होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला कधी वेलचीचा, कधी सुंठीचा वास यायचा, आणि आज गोदामात कुठला माल उतरलाय ते आम्ही भावंडं दारातच सांगायचो. नाताळाच्या आसपास त्यांचे एक स्नेही महूहून केक आणायचे. महू म्हणजे १८१८ पासूनची लष्करी छावणी, तिथल्या बेकरीतला तो काळपट, मनुक्यांनी भरलेला केक. त्याचा डबा उघडला की मला बाबांचा सदराच समोर आल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून मसाला घालून भट्टीत भाजलेल्या गोड पदार्थांची मला ओढ आहे.

पण घरात ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आल्यावर मी पहिल्यांदा मफिन केले, तेव्हा तो वास काही जमला नाही. मैद्याबरोबर दालचिनीची पूड चाळून घेतली, फळं घातली, भाजलं. भाजताना घरभर दरवळ आणि खाताना मात्र मफिन फिका, जिभेवर थोडी लाकडाची पूड आल्यासारखी. मसाला वाढवला तर कडू झाला. असं बऱ्याचदा झाल्यावर एक दिवस आमटीला फोडणी देताना डोक्यात आलं, की जिरं-हिंग आपण आमटीत कोरडं कधी टाकत नाही. तेल तापवतो, त्यात ते फुलवतो, मग आमटीत ओततो. दालचिनी, लवंग, जायफळ यांचा सुगंधही त्यांच्या तेलात असतो. ते तेल तुपात विरघळतं, पाण्यात फारसं विरघळत नाही. मैद्यात चाळलेल्या मसाल्याला तूप नीट भेटतच नाही. तेव्हापासून मी मसाला तुपात घालते, त्या तुपात फळ परतते आणि मगच पिठात मिसळते. या कृतीत माझं स्वतःचं म्हणावं असं एवढंच आहे, बाकी सगळं त्याला सांभाळून घ्यायला आहे.

साहित्य १२ मफिनचं सांगते. बारीक कणीक १२० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम. गुळाची पूड १२० ग्रॅम. ताजं, घट्ट, फार आंबट नसलेलं दही १२० ग्रॅम. दोन लहान पिकलेली केळी, सोलून साधारण १६० ग्रॅम. एक मोठं सफरचंद, साल आणि गाभा काढून १५० ग्रॅम. काळे मनुके ५० ग्रॅम आणि एक संत्रं. साजूक तूप ३० ग्रॅम, वास नसलेलं तेल ५० मिली. बेकिंग पावडर चहाचा एक सपाट चमचा, खाण्याचा सोडा अर्धा सपाट चमचा, मीठ पाव चमचा. मसाल्यात दालचिनीची पूड एक चमचा, लवंगा चार, हिरवी वेलची सहा, सुंठ अर्धा चमचा, जायफळ किसून पाव चमचा आणि बडीशेप अर्धा चमचा.

चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा घ्या. घरातले चहाचे चमचे एकसारखे नसतात, आणि सोड्यात तो फरक अंगाशी येतो. सोडा दह्याच्या, गुळाच्या आणि केळ्याच्या आंबटपणाशी मिळून फुलतो. जेवढा आंबटपणा, तेवढ्याच सोड्याचं काम असतं. वर उरला तर मफिन साबणासारखा लागतो आणि रंगही काळवंडतो.

आमच्याकडे देवघरापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना चालावं म्हणून मी अंडं घालत नाही. ओलावा आणि हलकेपणा यांचं काम इथे दही आणि केळं करतं.

आता मसाला. यात घाई करू नका. बाबांनी आम्हाला माल पारखायला लहानपणीच शिकवलं होतं. लवंग नखाने दाबायची, नखाला तेलाचा ओलसरपणा आला पाहिजे. आला नाही, तर तिच्यातलं तेल आधीच कोणीतरी काढून घेतलंय किंवा ती फार जुनी आहे. जायफळात सुई टोचायची, टोकाशी तेल दिसलं पाहिजे, आणि हातात ते आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. हलकं असेल तर आतून किडलेलं असण्याची शक्यता मोठी. दालचिनी मागितली की दुकानदार बहुतेक वेळा जाड, खरखरीत, एकाच सालीची देतो. ते दालचिनीचंच भावंड, त्याला कॅसिया म्हणतात. वास तिखट, चव उग्र, पुलावाला उत्तम. सिलोनची दालचिनी पातळ सालींची, एकात एक गुंडाळलेली, बोटांनी दाबली तर चुरा होणारी. मफिनला ही घ्या, गोड आणि मऊ वास येतो. कॅसियाच असेल तर एकाऐवजी पाऊण चमचा घ्या.

लवंगा चारच. पाचवी घातली की जीभ किंचित बधिर होते आणि मग बाकीचं काही कळत नाही. जायफळ आयत्या वेळी किसायचं, पूड करून ठेवायचं नाही. पुरणाला आणि बासुंदीला आपण जितक्या हलक्या हाताने ते घालतो, तितक्याच हाताने इथेही. बडीशेप पाहून कोणाला आश्चर्य वाटेल, पण ज्यांनी इंदुरी पोहे खाल्लेत त्यांना वाटणार नाही. आमच्या पोह्यांत बडीशेप असतेच. गोडसर, थंड अशी तिची एक लकेर सफरचंदाला फार शोभते. मात्र पोह्यांवरचं जिरावन हौसेने यात घालू नका. त्यात काळं मीठ, आमचूर आणि हिंग असतं, ते गोडाला बिघडवतं.

लवंग, वेलचीचे दाणे आणि बडीशेप खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये इतका थोडा मसाला पात्यांखाली नुसता फिरत राहतो. बडीशेप अर्धवट कुटलेली राहिली तर चांगलंच, दाताखाली आली की बरं वाटतं.

फळांचं म्हणाल, तर मफिनचा खरा शत्रू फळातलं पाणी. कच्चं सफरचंद चिरून पिठात टाकलं की भाजताना ते पाणी सोडतं, भोवतीचं पीठ चिकट राहतं आणि मफिन मधोमध बसतो. म्हणून सफरचंदाच्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या फोडी करा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तूप वितळवा. धूर येऊ द्यायचा नाही. तूप नुसतं गरम झालं, की जायफळ सोडून सगळा मसाला त्यात घाला आणि वीस-पंचवीस सेकंद हलवा. पूड केलेला मसाला पटकन जळतो, म्हणून फोडी आधीच हाताशी चिरलेल्या हव्यात. वास वर आला की लगेच फोडी टाका, वर गुळातला एक चमचा घाला. आधी पाणी सुटेल, मग आटेल. पाच-सहा मिनिटांत फोडींच्या कडा पारदर्शक होतात आणि कढईच्या तळाशी नुसतं तूप चमकायला लागतं. तिथे गॅस बंद करा आणि मग जायफळ घाला. फोडीचा लगदा होऊ देऊ नका. हे सगळं ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम फोडी पिठात गेल्या तर सोडा तिथेच फसफसून संपतो.

मनुके आधी अर्धा तास संत्र्याच्या कोमट रसात भिजवा. आमच्याकडे थंडीत आगर-माळव्याची संत्री येतात. रस काढण्याआधी सालीचा फक्त केशरी भाग बारीक किसून घ्या, अर्धा चमचा पुरे. पांढरा भाग आला की कडूपणा आलाच. मनुके निथळा, आणि उरलेला रस टाकू नका. पिठात दुधाऐवजी त्यातलेच दोन मोठे चमचे जातील. मनुके तळाशी बसू नयेत म्हणून मैद्यात घोळवतात. मी घोळवते, पण वरचा ओलेपणा टिपला जावा एवढ्यासाठीच. ते वर राहतात ते पीठ घट्ट असल्यामुळे.

केळी निमाडातून, खंडवा-बुऱ्हाणपूरकडून आपल्या बाजारात भरपूर येतात. साल काळ्या ठिपक्यांनी भरलेली हवी. पिवळीधमक, ताठ केळी घेतलीत तर मफिन ना गोड होतो ना मऊ. कच्ची असतील तर पिकलेल्या सफरचंदाबरोबर कागदात गुंडाळून दोन रात्री ठेवा. सफरचंदातून जो वायू सुटतो त्याने केळी लवकर पिकतात.

बदल करायचा असेल तर काही फळं टाळा. सीताफळ आमच्या घरी सगळ्यांचं लाडकं, पण त्याचा गर तापला की कडवट होतो. कच्ची पपई-अननसही नको, दह्याबरोबर त्यांचा पाचक रस कडूपणा आणतो. अननस हवाच असेल तर साखरेत दहा मिनिटं शिजवून घ्या. शिजवल्याने तो रस निष्प्रभ होतो.

पिठाबद्दल थोडं. माळव्यात गहू दोन स्वभावांचा. बाफले-बाटीचा, म्हणजे कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांचा, कठिया, पिवळसर, काचेसारखा कडक, दळला की रवाळ. आणि पोळीचा शरबती किंवा लोकवन. कठियाची कणीक मफिनला चालत नाही. तिने मफिन वरून तडकतो आणि दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होतो. मी एकदा डबा चुकून ती घातली होती, बारा मफिन चहात बुडवून संपवावे लागले. चक्कीवाल्याला पोळीचाच गहू, पण बारीक दळायला सांगा.

कणकेतला कोंडा भिजायला वेळ घेतो, म्हणून मी तिला आधी भिजवते. केळी काट्याने कुस्करा, त्यात दही, गुळाची पूड, तेल, संत्र्याची किसलेली साल आणि तो दोन मोठे चमचे रस घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळा. गूळ मी करेलीचा घेते, आमच्या नरसिंगपूर जिल्ह्यातला. ढेपेचा असेल तर किसून गाळून घ्या, खडा दाताखाली येतो. यात फक्त कणीक मिसळा आणि झाकून २० मिनिटं ठेवा. सोडा आणि बेकिंग पावडर अजून नाही. ती मैद्यात मिठाबरोबर दोनदा चाळून बाजूला ठेवा. डिसेंबरात इंदूरला रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा दही फ्रिजमधून तासभर आधी काढा, नाहीतर त्यात तुपाच्या गाठी होतात.

याच वेळात ओटीजी २०० अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून, १५ मिनिटं तापवा. साच्यात कागदी वाट्या घाला.

आता हात भरभर चालवा. भिजलेल्या मिश्रणात मैदा घाला. गार झालेल्या फोडी घाला, ताटाला लागलेलं तूप बोटाने निपटून घाला, त्यातच सगळा मसाला आहे. मनुके घाला. खालून वर, कडेने मध्ये, असं दहा-बारा वेळा उलथवा आणि थांबा. भज्याच्या पिठासारखं फेटायचं नाही. पिठाच्या छोट्या गुठळ्या दिसल्या तरी चालतील, कोरडा मैदा दिसायला नको. जास्त ढवळलं की मैदा चिवट होतो आणि मफिन कापल्यावर आत लांब लांब भोकं दिसतात. पीठ इडलीच्या पिठापेक्षा बरंच घट्ट हवं, चमचा उलटा केला की थबकून, गोळ्याने पडावं. फारच घट्ट वाटलं तर एक चमचा दूध.

साचे पाऊण भरा. एका वाटीत साधारण ७० ते ७५ ग्रॅम पीठ मावतं. आत ठेवल्यावर पहिली सात मिनिटं २०० अंश, म्हणजे वरचा भाग चटकन फुगून घुमट येतो. मग दार न उघडता १८० वर आणा आणि १३ ते १५ मिनिटं भाजा. गुळाने रंग लवकर येतो. वरून फार गडद व्हायला लागले तर शेवटची पाच मिनिटं वरचा रॉड बंद करा. टूथपिक घालून पाहताना एकदाच पाहू नका. ती सफरचंदाच्या फोडीत शिरली तर ओलीच येणार. दोन ठिकाणी टोचा, आणि बोटाने वरून हलकं दाबा, खळगा परत वर आला पाहिजे.

साचा सहाचाच असेल तर एक गोष्ट नक्की करा, नाहीतर माझ्यासारखं होईल. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी २४ मफिनचं पीठ एकदम कालवलं आणि सहा-सहा करत भाजत राहिले. पहिले सहा सुरेख फुगले, दुसरे बरे, शेवटच्या सहांना घुमटच आला नाही. सोडा दह्याला भेटला की त्याच क्षणी काम सुरू करतो आणि वाट पाहत नाही. मैद्याचं मिश्रण आणि ओलं मिश्रण दोन्ही तोलून अर्धं-अर्धं करून ठेवा. पहिला घाणा बाहेर आला की मगच दुसरा कालवा.

ओव्हन नसेल म्हणून मन खट्टू करू नका. माळव्यातल्या किती तरी घरांत बाटी-बाफल्यांसाठी गॅसवर ठेवायचा तंदूर असतो, खाली जाळी आणि वर घुमटाचं झाकण. ओटीजी येण्याआधी आमच्याकडेही तेवढाच होता, आणि त्यातही हे मफिन होतात. स्टीलच्या लहान वाट्यांना तूप लावून, पिठी भुरभुरून, कागद घालून घ्या. जाळीखाली जुना तवा ठेवा, नाहीतर आच थेट बुडाला लागते आणि वरचा भाग कच्चा असतानाच तळ करपतो. दहा मिनिटं मंद आचेवर तापवा, सहाच वाट्या ठेवा, अंतर राखून. अगदी बारीक गॅसवर २५ ते ३० मिनिटं लागतील. पहिली १८ मिनिटं झाकण काढायचं नाही. वरून रंग फिकट राहतो, पण आतून ते ओटीजीपेक्षा जास्त मऊ होतात, असं माझं मत आहे.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं साच्यात, मग जाळीवर. साच्यातच राहिले तर बुडाला घाम येतो. गरम असताना कागद काढू नका. अंडं नसल्यामुळे ते तेव्हा फार नाजूक असतात, अर्धा मफिन कागदालाच राहतो. निदान २० मिनिटं थांबा. खरी चव तर दुसऱ्या दिवशी येते, तोवर तुपातला मसाला सगळ्या मफिनभर पसरलेला असतो. बाबांना आता चावायला त्रास होतो, म्हणून मी त्यांना मफिन दुधात मोडून देते. ते डोळे मिटून एकेक नाव घेतात: दालचिनी, लवंग, सुंठ, वेलची. जायफळापर्यंत पोचायला दोन घास लागतात. बडीशेप मात्र पहिल्या वासातच ओळखतात.

थंडीत सफरचंदाच्या जागी मी पुष्कळदा जाम घालते. इंदूरला आम्ही पेरूला जाम म्हणतो. माझी भावजय पुण्याची, लग्नानंतर पहिल्या थंडीत ती मला विचारत होती, "वन्सं, पावाला लावायचा जाम यात कशाला?" मी तिला टोपलीतला फळांचा ढीग दाखवला. आता तीच दर डिसेंबरला आठवण करते. जाम पिकलेला, वासाचा, पण बोटाने दाबला तर किंचितच दबणारा घ्या. बिया कडक असतात. म्हणून मधला बियांचा गर चमचाभर पाण्यात शिजवून पुरणयंत्रातून किंवा गाळणीतून काढा आणि कडेच्या गराच्या फोडी करा. गाळलेला गर ६० ग्रॅम झाला तर तेवढंच केळं कमी करा, म्हणजे पीठ पातळ होणार नाही. जामाला दालचिनी अर्धा चमचाच पुरते. सुंठ थोडी वाढवा, आणि मसाल्याबरोबर चार मिरे कुटून घाला. सफरचंदापेक्षा तो तुपात लवकर आटतो, तीन-चार मिनिटांत लक्ष ठेवा.

मफिन पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, तळाशी कागद घालून. थंडीत तीन दिवस बाहेर चांगले राहतात, पावसाळ्यात दोनच, फळांमुळे बुरशी लवकर धरते. फ्रिजमध्ये ठेवले तर खाण्याआधी तव्यावर, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर पाच मिनिटं गरम करा. आतलं तूप पुन्हा सैल होतं आणि मसाला परत बोलायला लागतो.